वजा दोन

मी आयुष्यात एकही धडधडतं हृदय पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची गोष्ट वाचून कुणाला वाटायचं की बाई ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या शेजारी उभ्या असायच्या. छे हो! मी लॅब टेक्निशियन. थिएटर तळमजल्यावर, आमची लॅब गच्चीखालच्या मजल्यावर, आणि मधे सदतीस पायऱ्या. माझ्याकडे माणूस यायचा तो दोन मिलीलिटरच्या बाटलीतून. त्याचं नाव, वय आणि बेड नंबर चिकटपट्टीवर लिहिलेला असायचा, तोही डॉक्टरी अक्षरात. पेशंट दगावला की डॉक्टरला शिव्या, वाचला की डॉक्टरला नारळ. आम्ही दोन्हींतून सुटलेले. या सुटकेचा मला पुष्कळ वर्षं अभिमान होता.

सुरुवात धुळ्याला केली, ऐंशीच्या सुमाराला. तेव्हा रक्त, सीरम, रसायनं, सगळं काचेच्या नळीने तोंडाने ओढून मोजायचं. हो, तोंडाने. नळीचं एक टोक बाटलीत, दुसरं ओठात, आणि नजर खुणेवर. एकदा एका मारवाडी शेटजींची लघवी अशी ओढत असताना मागून कुणीतरी "ताई, चहा" म्हणून ओरडलं आणि माझा अंदाज चुकला. तो चहा मी दोनदा चूळ भरून घेतला, पण घेतला. शेटजींना साखर आहे हे मी त्या दिवशी मशीनच्या आधी सांगू शकले असते.

या कामात हात लागतो. मशीन कितीही भारी आणा, रक्ताचे दहा मायक्रोलिटर, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याहून लहान थेंब, तो माणसाच्याच हाताने उचलायचा असतो. माझा हात चांगला होता. चांगला कसला, जिल्ह्यात नावाजलेला. एकच नमुना मी पाचदा केला तर पाचही वेळा तोच आकडा यायचा. जळगावच्या त्या हॉस्पिटलात मला घेतलं तेही या हातावर. आमचे पॅथॉलॉजिस्ट कोतवाल सर पाहुण्यांना लॅब दाखवताना म्हणायचे, "हे आमचं मशीन, आणि या आमच्या ताई. दोघांपैकी एक बंद पडलं तर मी ताईंना ठेवीन." मी खाली मान घालून हसायचे. मनातून फुगून टम्म व्हायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला हॉस्पिटलने हृदयाची ऑपरेशनं सुरू करायचं ठरवलं. म्हणजे ऑपरेशन करणारे आमचे नव्हेतच. मुंबईहून टीम यायची, दर तीन आठवड्यांनी तीन दिवस. सर्जन, भूलतज्ज्ञ, आणि हृदय-फुफ्फुसाचं मशीन टेंपोतून, गाद्यांमध्ये गुंडाळून. आमच्याकडून त्यांना हवी होती खाट, वीज आणि लॅब. भूलतज्ज्ञ डॉक्टर सबनीस पहिल्याच दिवशी सदतीस पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत, आणि म्हणाले, "ताई, मला दर तासाला लॅक्टेट लागेल. जमेल?"

मी म्हणाले, "जमेल." लॅक्टेट मी तोवर एकदाही केलेलं नव्हतं.

ही काय भानगड आहे ते सांगते. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी साखर जाळते आणि त्यासाठी तिला प्राणवायू लागतो. तो पुरेसा मिळाला तर जळण स्वच्छ होतं. कमी पडला तर वातीचा स्टोव्ह हवा कमी पडली की काजळी धरतो, तसं होतं. रक्तातली ही काजळी म्हणजे लॅक्टेट. माझ्या-तुमच्या रक्तात ते एक-दीड असतं, दोनपर्यंत ठीक. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त मशीनने फिरवतात, तेव्हा थोडं चढतंच. शिवाय रक्तदाब टिकवायला जी औषधं देतात त्यांनीही चढतं. त्याची भीती नसते. ऑपरेशननंतर तासातासाला ते उतरायला हवं, एवढंच. उतरायच्या ऐवजी चढत गेलं, तर समजायचं की वरून सगळं ठीक दिसत असलं तरी आत कुठेतरी रक्त पोचत नाहीये. रक्तदाबाचा काटा खोटं बोलू शकतो, कारण तो औषधांनी उभा केलेला असतो. लॅक्टेट खोटं बोलत नाही. हे सबनीस डॉक्टरांचं वाक्य. ते ऐकून मला फार भारी वाटलं होतं.

नमुन्याचे लाडही फार. रक्त बाटलीत आल्यावरही त्यातल्या पेशी साखर जाळत बसतात आणि लॅक्टेट आपोआप वाढतं. म्हणून बाटलीत फ्लोराइडची पूड, बाटली बर्फात, आणि पंधरा मिनिटांत तपासणी. पहिल्या खेपेला मी रसवंतीवाल्याकडून बर्फाची अर्धी लादीच आणवली होती. सगळं अगदी काटेकोर.

तर पहिल्या खेपेचे पहिले पेशंट नशिराबादचे सुपडूनाना. सत्तरीच्या घरातले, मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या. ऑपरेशन झकास झालं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, हात हलवला, लघवी भरपूर, हातपाय गरम. आणि माझं लॅक्टेट पाच! पुढच्या तासाला साडेचार, मग परत पाच. सबनीस डॉक्टर चक्रावले. आत काहीतरी बिघडलंय असं समजून नानांच्या घशातली श्वासाची नळी त्यांनी आणखी एक दिवस तशीच ठेवली. नाना शुद्धीवर, तोंडात नळी, बोलता येईना. डोळ्यांनीच सगळ्यांना शिव्या देत होते. नळी निघाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तासातासाला रगत नेता कुठं रे? इकता का काय?"

त्या खेपेचे तिन्ही पेशंट असेच. माणूस ठणठणीत, लॅक्टेट चढलेलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. सबनीसांना आधी माझा संशय आला. मी त्यांच्यासमोर कंट्रोल तपासून दाखवलं. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेलं द्रावण. त्यात लॅक्टेट किती ते आधीच ठाऊक असतं, आणि मशीनने तेवढंच दाखवलं की मशीन बरोबर. मी ते रोज सकाळी सातला करायची, त्या दिवशीही तेव्हाच केलं. आकडा अगदी तंतोतंत! सबनीस म्हणाले, "सॉरी ताई." मी म्हणाले, "असू द्या सर." आवाजात किती मध घातला होता ते मलाच माहीत.

मग थिअऱ्या निघाल्या. कुणी म्हणालं केळी, कुणी म्हणालं तिखट. एका नर्सने भरताच्या वांग्यांवर संशय घेतला. कोतवाल सरांचं मत उष्णता: खानदेशातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबतो, त्याच्या शरीराची घडणच वेगळी, त्याचं मुळातलंच लॅक्टेट जास्त. हे त्यांना इतकं पटलं की धुळ्याला डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी त्यावर अर्धा तास भाषण दिलं. आकडे माझे, तक्ता माझ्या अक्षरातला. टाळ्या पडल्या म्हणे.

सबनीस डॉक्टर व्यवहारी. ते म्हणाले, कारण काय असेल ते असो, इथला आकडा दोनने जास्त येतो हे दिसतंय ना? मग प्रत्येक रिपोर्टमधून दोन वजा करा. झालं. आयसीयूच्या भिंतीवर पुठ्ठा लागला: "लॅक्टेट: वजा दोन." सिस्टर इंटरकॉमवर माझा आकडा घ्यायची, दोन वजा करायची आणि कागदावर लिहायची. तिसरी खेप या हिशेबाने सुरळीत पार पडली. खरं सांगते, सगळे पेशंट धडधाकट घरी गेले.

आता माझ्या हाताचं कौतुक पुन्हा थोडं ऐकावं लागेल. रक्त उचलायच्या पिपेटच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी टिप बसवतात. पुडीवर "एकदाच वापरा" असं छापलेलं असायचं. ते आम्ही कंपनीचं वैयक्तिक मत समजायचो. वापरलेल्या टिपा धुऊन, उकळून, स्टीलच्या ताटात पसरून खिडकीत वाळवायच्या. रक्त उचललं की टिपेच्या बाहेर लागलेलं फडक्याने पुसायचं, आणि अगदी शेवटी टोकाशी जो चुकार थेंब लोंबतो तो बोटाच्या पेराने, एका झटक्यात, टिपायचा. ही माझी खासियत. फडक्याने तो थेंब टिपला तर आतलंही थोडं शोषलं जातं. बोटाने टिपला तर आकडा हलत नाही. हातमोजे तेव्हा कोण घालतं! नव्या मुलींना मी हे शिकवायची, आणि जमलं नाही की "तुझ्या बोटात जीवच नाही गं" असं म्हणायची.

चौथ्या खेपेच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मे महिना. सकाळभर वीज नव्हती म्हणून कंट्रोल करायचं राहिलं. ते दुपारी तीनला केलं. कूलर नुसताच घरघरत होता, कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत येत होता. कंट्रोलचा आकडा दोनने जास्त आला. मला वाटलं बाटली खराब झाली. नवी फोडली. दोनने जास्त. मग काय सुचलं कोण जाणे, मी रक्ताच्या जागी डिस्टिल्ड वॉटर घातलं. साधं, शुद्ध, निर्जीव पाणी. मशीनने दाखवलं: दोन पूर्णांक एक.

पाण्याला लॅक्टेट! म्हणजे पाण्याचंही हृदय थांबवून मशीनवर घातलं होतं की काय? मी स्टुलावर बसून मशीनकडे बघत राहिले. मग माझ्या बोटाकडे बघितलं. पेरावर घामाचे बारीक थेंब चमकत होते. साबणाने हात धुतले, कोरडे केले, नवीन टिप चिमट्याने बसवली, थेंब कागदाने टिपला. पाणी: शून्य. पुन्हा बोटाने टिपलं. दोन. कागदाने, शून्य. बोटाने, दोन. असं मी चार वेळा केलं आणि चारही वेळा तोच आकडा आला. हात चांगला होताच ना माझा!

घामात लॅक्टेट रक्ताच्या कितीतरी पट असतं. सकाळी सातला माझी बोटं कोरडी असायची म्हणून कंट्रोल बरोबर. ऑपरेशनचे नमुने दुपारी यायचे, तेव्हा बोटं ओली. सुपडूनानांचं हृदय उत्तम होतं. घाम माझा होता. रसायनाच्या डब्यातल्या माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलेलं होतं की घामाचा स्पर्श टाळावा. ते पत्रक मी टिपांच्या ताटाखाली अंथरलं होतं.

कपाळ माझं! आता सांगायचं कुणाला? कोतवाल सरांना सांगू, की सर, तुम्ही धुळ्याला अर्धा तास माझ्या घामावर बोललात? सबनीसांना सांगू, की तुम्ही मला सॉरी म्हणालात ते मी परत करते? मी मूग गिळून बसले. मनाशी म्हणाले, चूक सापडलीय, दुरुस्त करून टाकू, आकडे आपोआप खाली येतील, आणि त्यांचं त्यांनाच कळेल की आता वजा करायला नको. गाजावाजा कशाला? मी नव्या टिपांची पुडी फोडली, हातमोजे मागवले, खिडकीतलं ताट घरी नेलं. त्यात मी पुढे बरीच वर्षं शेवया वाळवल्या.

चौथ्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी मथुराअक्काचं ऑपरेशन होतं. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातली, चाळिशीच्या आतली, शेतकऱ्याची बायको. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आवळून गेलेली. दहा पावलं चालली की दम लागायचा. नवरा दगाभाऊ, उंच, हडकुळा, बोलायला संकोची. सगळे कागद खताच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून बसायचा. मी दोघांना पाहिलं होतं ते ऑपरेशनआधीचं रक्त घ्यायला खाली गेले तेव्हा. मी धुळ्याची म्हटल्यावर अक्काचा चेहरा उजळला. "मंग तू आमनीच शे," म्हणाली, आणि हात पुढे केला.

तिचं आधीचं लॅक्टेट आलं एक पूर्णांक एक. अगदी निरोगी. मी इंटरकॉमवर सांगितलं. पलीकडे सिस्टर थबकली. एकातून दोन वजा कसे करायचे? मग म्हणाली, "ताई, शून्याखाली तर जात नाही ना हे? शून्य लिहिते." आणि शून्य लिहिलं. जिवंत माणसाचं लॅक्टेट शून्य नसतं. पण चांगल्या बातमीची चौकशी कोण करतंय! मीही केली नाही.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं, साडेबाराला अक्का आयसीयूत आली. झडप छान बसली होती. आत झिरपणारं रक्त बाहेर यावं म्हणून छातीत नळी ठेवलेली होती. एकचा नमुना: दोन पूर्णांक नऊ. होणारच तेवढं. दोनचा: साडेतीन. माझ्या भुवया थोड्या वर गेल्या. तीनचा: साडेचार.

मी पुन्हा केला. साडेचार. हातमोजे बदलून, तिसऱ्यांदा. साडेचार. लॅक्टेट उतरायच्या वेळेला चढत होतं, आणि या वेळी ते माझं नव्हतं, तिचं होतं.

इंटरकॉम उचलला. "मथुराबाई, साडेचार."

"साडेचार वजा दोन, अडीच," सिस्टर म्हणाली. "छान. सर म्हणाले ठीक चाललंय, छातीतल्या नळीतलं रक्तही थांबलंय."

आता बोलायचं होतं. एक वाक्य होतं, "सिस्टर, वजा करू नका, सरांना फोन द्या." ते माझ्या ओठांवर आलंही. आणि त्याच्यामागे सबनीसांचा चेहरा आला. त्यांना हसायची सवय होती. एकदा हसले की टीमसमोर, थिएटरमध्ये, जेवणाच्या टेबलावर तीच गोष्ट रंगवून सांगायचे. नव्वद लोकांच्या हॉस्पिटलात "घामाच्या ताई" व्हायला किती वेळ लागणार होता? मी म्हणाले, "बरं, सिस्टर." आणि रिसीव्हर ठेवला.

मग मनाची समजूत काढायला मला कितीतरी कारणं मिळाली. औषधांनीही चढतं. सबनीस काय कच्चे आहेत? ते पेशंट बघताहेत, मी बाटली बघतेय. चारचा नमुना उतरलेला आला तर उगाच आरडाओरडा केल्यासारखं होईल. चारची वाट बघू.

बर्फ संपला होता म्हणून खाली गेले. आयसीयूबाहेरच्या बाकावर दगाभाऊ पिशवी धरून बसलेला. मला बघून उभा राहिला.

"बाई, रपोट कसा उना?"

"चांगला आहे," मी म्हणाले.

"चांगला शे," तो स्वतःशीच म्हणाला आणि खाली बसला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याच्या डोक्यावरच्या घड्याळात मी बघितलं होतं.

चारचा नमुना आला. सहा पूर्णांक एक.

इंटरकॉम उचललाच नाही. सदतीस पायऱ्या मी कशा उतरले ते आठवत नाही. चप्पल दहाव्या पायरीवर राहिली होती. आयसीयूत सबनीस डॉक्टर चहा पीत होते. रक्तदाब ठीक, नळी कोरडी, सगळे निवांत.

"सर, दोन वजा करू नका."

"काय?"

"मथुराबाईंचं लॅक्टेट सहा आहे. सहाच आहे. चार नाही. आता माझे रिपोर्ट बरोबर येतात."

"आता म्हणजे? आधी?"

"आधीचे सगळे चुकीचे होते. माझ्या बोटाचा घाम लागत होता. गेल्या आठवड्यात कळलं. मी सांगितलं नाही."

ते हसले नाहीत. हसण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. कप खाली ठेवला, खाटेपाशी गेले, छातीतून आलेली नळी दाबून पाहिली, मग तिच्या मानेवरच्या शिरा बघितल्या. लघवीच्या पिशवीकडे बघितलं. तासाभरात काही वाढलेलं नव्हतं. "नळी तुंबलीय," एवढंच म्हणाले. आणि मग ओरडले, "सर्जनला बोलवा, थिएटर उघडा!"

रक्तस्राव थांबलेला नव्हताच. नळी गुठळीने बंद झाली होती आणि रक्त आतल्या आत हृदयाभोवती साठून त्याला आवळत होतं. छाती पुन्हा उघडली. मुठीएवढी गुठळी निघाली म्हणे. संध्याकाळी सातचा नमुना चार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनच्या खाली. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सबनीसांनी दगाभाऊला हाताला धरून माझ्यासमोर आणलं आणि म्हणाले, "या बाई धावत आल्या म्हणून तुमची बायको वाचली." दगाभाऊने मी मागे सरायच्या आत माझ्या पायांना हात लावला. सबनीस मला एकटीला गाठून एवढंच म्हणाले, "ताई, तीनला का नाही आलात?" उत्तराची वाट न बघता गेले. कोतवाल सरांनी धुळ्याच्या भाषणाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र पाहुण्यांना लॅब दाखवताना फक्त मशीन दाखवायला लागले. पुठ्ठा भिंतीवरून मीच काढला.

अक्का वाचली, पण मूत्रपिंडं त्या दुपारी दुखावली गेली. चार वेळा मशीनवर रक्त शुद्ध करावं लागलं. महिन्याने घरी गेली ती पथ्य घेऊन: मीठ बंद, आणि दिवसाला दीड तांब्या पाणी, मोजून. ते त्या एका तासामुळे झालं का? कुणी सांगू शकत नाही. तिचं हृदय वर्षानुवर्षं आजारी होतं, मूत्रपिंडं आधीच नाजूक असतील, झडपेच्या पेशंटला पाणी कमीच देतात. मी पुस्तकं वाचली, नव्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. सगळे म्हणाले, सांगता येत नाही. मलाही तेच उत्तर हवं होतं.

दर मे महिन्यात ती तपासणीला जळगावला यायची. पहाटेच निघायची, धुळ्याला बस बदलून दुपारी पोचायची. काम खालीच असायचं, पण सदतीस पायऱ्या हळूहळू चढून माझ्याकडे यायची, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. "तुन्हामुये मी जित्ती शे," म्हणायची. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी. मी शेंगा घ्यायची. घरी नेऊन भाजायची. आणि शेजारच्या मुलांना वाटून टाकायची.

चौथ्या वर्षी ती आली तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. "आजनं पानी सरनं मन्हं," म्हणाली. तिचा दिवसाचा वाटा वाटेतच संपला होता. मग हसून म्हणाली, "बठ्ठा घरनं पानी मीच भरस, आनि मन्हा वाटाले दीड तांब्या." त्यात तक्रार नव्हती. मी समोरचा भरलेला ग्लास बघत होते आणि मला ते सहन होईना.

मी सांगितलं. सगळं. घाम, पुठ्ठा, शून्य, तीन वाजताचा आकडा, आणि दगाभाऊला मी जे म्हणाले ते. म्हणाले, "अक्का, मी एक तास गप्प बसले."

ती ऐकत होती. माझं संपल्यावर पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "तवय सांगं असतं तं तुनं काय जातं?"

मला कितीतरी मोठे शब्द आठवले. अब्रू, नोकरी, सरांचा विश्वास. खरं त्यातलं एकही नव्हतं. नोकरी गेली नसती. अब्रूही चार दिवसांनी परत आली असती.

"डॉक्टर हसले असते," मी म्हणाले.

"हासतीन म्हनीसन?"

"हो."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग उठली, साडी नीट केली. शेंगांची पिशवी टेबलावरच राहू दिली. दारातून म्हणाली, "भाजीसन खाय. कच्च्या बाधतस." आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेली. मी सोबत जायला हवं होतं. गेले नाही.

पुढच्या मे महिन्यात ती आली नाही. माझा जीव खालीवर. जूनमध्ये दगाभाऊ एकटाच लॅबच्या दारात उभा दिसला, तीच खताची पिशवी छातीशी धरून, आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण अक्का बरी होती. जुन्या रिपोर्टांच्या नकला हव्या होत्या, म्हणून आला होता. आता तपासणी धुळ्यालाच करतो, म्हणाला. मी का म्हणून विचारलं.

"जवय पडस," तो खाली बघत म्हणाला.

मी नकला काढून दिल्या, प्रत्येकीवर सही केली. पिंपळनेरहून धुळं जवळ पडतं, हे खरंच आहे. आधीची चार वर्षंही ते तेवढंच जवळ होतं.